आवाज करणारी कप्पी

स्क्रू जिभेला लावल्याशिवाय नाखवा तो विकत घेत नसत.

तुम्ही कधी हार्डवेअरच्या दुकानात उभे राहिला असाल, तर गिऱ्हाइकांचे नाना प्रकार पाहिले असतील. कोणी खिळा काउंटरवर आपटून वाजवून बघतं, कोणी नटावर नखाने ओरखडा काढतं. नाखवा डोळे मिटायचे, जीभ बाहेर काढायचे, स्क्रूचं डोकं तिच्या टोकावर टेकवायचे आणि थांबायचे. त्यांच्याबरोबर सगळं दुकान थांबायचं. मग निकाल यायचा. "पितळ." नाहीतर तोंड वाकडं करून, "लोखंड. वरून नुसती रंगरंगोटी."

आमचे शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "काका, आ मीठाईनी दुकान नथी!"

"मिठाई असती तर चाखून कशाला बघितली असती? सरळ खाल्ली असती," नाखवा म्हणायचे आणि पुढचा स्क्रू उचलायचे.

मी डहाणूच्या त्या दुकानात २०१४ साली लागले. गाव माझं तलासरीकडचं, वेवजी. घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. मी बी.कॉम. झाले तेव्हा वडिलांनी तो कागद शेजारच्या तीन पाड्यांवर फिरवून आणला होता, आणि तो परत आला तेव्हा त्याला हळदीची बोटं लागलेली होती. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. शेठने मला बिलं करायला घेतलं होतं. पण वर्षभरात मी काउंटरवर आले, कारण कुठल्या खणात कुठल्या मापाचा बोल्ट आहे हे शेठपेक्षा मला जास्त ठाऊक झालं होतं. सगळ्या खणांना मापाच्या चिठ्ठ्या मीच लावल्या. नाखवा आले की पहिल्यांदा त्या खणांची वाट लागायची.

नाखवा हे त्यांचं नाव नव्हे. नाखवा म्हणजे होडीचा मालक, आणि आमच्याकडे तो शब्द मोठ्या बोटवाल्यांना शोभतो. यांची होडी एवढीशी. नरपडच्या किनाऱ्यावर इंजिनांच्या होड्यांच्या रांगेत ती बसली की एखाद्या लग्नात पाटावर बसवलेल्या लहान मुलीसारखी दिसायची. पण तिला डोलकाठी होती आणि शीड होतं. बाकी साऱ्यांनी केव्हाच इंजिनं लावली. हे एकटे पहाटे जमिनीकडून सुटणाऱ्या वाऱ्यावर बाहेर जायचे, जवळपासच जाळं टाकायचे आणि दुपारी समुद्राकडून वारा फिरला की त्यावर घरी यायचे.

"इंजिन का नाही लावत?" मी एकदा विचारलं.

"इंजिन माझ्यापेक्षा जास्त बोलतं. होडीत एकानंच बोलावं."

त्यांची मागणी ठरलेली असायची. "एकच दे."

"नाखवा, पाकिटात डझन येतात."

"होडी एकच आहे ना? मग एकच दे."

शिडाची होडी म्हणजे तुम्हाला काही भव्य वाटत असेल, पण तिचं दुखणं सगळं बारीकसारीक. आज सुकाणूची बिजागरी ढिली झाली, उद्या दोर अडकवायचा आकडा वाकला, परवा वल्ह्याच्या खुंटीतला बोल्ट आटेच सोडून बसला. आणि प्रत्येक दुखण्यावर नाखव्यांचं स्वतःचं औषध. सुकाणूला त्यांनी आमच्याकडची फाटकाची बिजागरी लावली होती. शेठ तेव्हाच म्हणाले होते की खाऱ्या पाण्यात टिकणार नाही. ती महिन्यात गंजून तुटली. आता हे भांडायला येणार म्हणून शेठ तयार होऊन बसले. नाखवा आले, तुटकी बिजागरी काउंटरवर ठेवली आणि अभिमानाने म्हणाले, "बघ, फाटकाची जात असून समुद्र बघून आली."

होडीतून निघालेली वस्तू ते फेकत नसत. त्यांच्या वडिलांपासूनची ती रीत. होडीवरून उतरलेल्या वस्तूला मुशीच्या माशाचं तेल पाजायचं आणि घराच्या आढ्याला टांगून ठेवायचं. तिनेही आपल्यासारखं मीठ खाल्लंय, तिला उकिरड्यावर कसं टाकायचं, असं त्यांचं म्हणणं. पुढे मी त्यांचं घर पाहिलं तेव्हा आढ्याखालून वाकून जावं लागलं, इतकं लोखंड वर लोंबत होतं.

जिभेवरून आमची दोघांची चुरस असायची. मी खणात लोहचुंबक ठेवलं होतं. त्यांनी "पितळ" म्हटलं की मी चुंबक लावायचे. चिकटला तर मी जिंकले, नाही चिकटला तर ते. पितळेच्या बाबतीत ते सहसा हरत नसत, पण स्टीलमध्ये हमखास फसायचे. हरले की म्हणायचे, "सकाळी जवळा तिखट झाला होता गो. जीभ बधिर आहे." जिंकले की दुकानातल्या अनोळखी माणसालाही सांगायचे, "बघितलंत? बी.कॉम. झालेली पोरगी हरली." आणि मी म्हणायचे, "कालची चार वेळची हारही सांगा ना त्यांना."

एका नारळी पौर्णिमेनंतर, होड्या पुन्हा पाण्यात गेल्यावर, ते नवी तक्रार घेऊन आले. डोलकाठीच्या शेंड्याला कप्पी असते. तिच्यावरून दोर जातो आणि त्या दोराने शीड वर चढतं, खाली उतरतं. ती कप्पी वाजत होती.

"कशी वाजते?" मी विचारलं.

नाखव्यांनी मान वर केली आणि भर दुकानात आवाज काढला. "किर्रर्र... कुईईई... किर्रर्र..." रस्त्यावरचा कुत्रा उठून उभा राहिला. रंगाचा डबा घ्यायला आलेल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"एवढी वाजते तर वाजू द्या. मासे काय डोलकाठीवर चढणार आहेत?"

"माशांचं नाय गो. बायको." त्यांनी आवाज खाली आणला. "किनाऱ्याला लागून शीड उतरवायला घेतलं की ही घरातून ओरडते, 'आली बया बोंबलत!' जन्मभर ऐकतोय. आता सगळा किनारा हसतो. म्हटलं, एकदा त्या बयेचं तोंड बंद करून टाकावं. तिलाही बरं वाटेल."

मग आमचे प्रयोग सुरू झाले. ग्रीस झालं, दोन दिवसांत समुद्राने धुतलं. वॉशर झाला. नवी पिन झाली. जुनी कप्पी लाकडाची, आतली पिन लोखंडी, गंजून फुगलेली. शेवटी मी शेठना सांगून वापीहून एक कप्पी मागवली, नायलॉनचं चाक आणि स्टीलची पिन. नाखव्यांनी चाक जिभेला लावलं आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"हिला चवच नाय."

"चव नाही म्हणजे गंज नाही. घेऊन जा."

दोन दिवसांनी ते केळीच्या पानात दोन पापलेटं घेऊन हजर. "काय सांगू तुला! शीड एवढं गुपचूप उतरलं की मलाच वर बघावं लागलं, आहे का गेलं." मी पापलेटं घेतली. शेठ शाकाहारी, त्यांनी नाकाला रुमाल लावला. माझी छाती फुगली होती. दुखणं कुठे आहे ते ओळखून बरोबर वस्तू मागवली होती मी.

त्या आठवड्याच्या शेवटी एक बाई दुकानात आली. कासोटा घातलेलं लुगडं, डोक्यावर रिकामी टोपली, शेजारणीचा हात धरलेला. टोपली ती काउंटरवर ठेवायला गेली आणि काउंटर होता त्याच्या वीतभर अलीकडे सोडली. टोपली खाली पडली.

"कप्पी देणारी पोरगी कोण?" तिने विचारलं. ती शेठकडे बघून विचारत होती.

"मी. इकडे, मावशी."

ती माझ्या आवाजाकडे वळली. "काय गो, तुला दुसरा धंदा नाय? चांगली वाजत होती ती कप्पी!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मावशी, तुम्हीच तर रोज शिव्या द्यायचा ना तिला?"

"देणारच. माझी कप्पी, मी शिव्या देईन. तू कोण तिला गप्प करणारी?"

शेजारीण हसायला लागली. पण मावशी हसत नव्हती. तिने शेजारणीला बाहेर चहाच्या टपरीवर पाठवलं, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि मला जे सांगितलं ते असं.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वाढत वाढत आता उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं, आणि समोर माणूस उभा असेल तर त्याचा आकार. घरात ती पावलांच्या अंदाजाने वावरायची, सुके बोंबील हाताने निवडायची, माणसं आवाजाने ओळखायची. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. किनाऱ्यावरच्या बाकीच्या बाया आपापल्या घरचं इंजिन आवाजावरून ओळखतात. कोणाचं टुकटुक, कोणाचं धाडधाड. चुलीपुढे बसल्या बसल्या त्यांना कळतं, आला माणूस. हिच्या माणसाची होडी मुळात मुकी. सुरूच्या झाडांमागे घर, दिसत काही नाही. तिच्या कानावर एकच खूण यायची, ती कप्पी. ती वाजली की ही ओरडायची, "आली बया बोंबलत," आणि चहाचं आधण ठेवायची.

"आता तो येऊन दारात उभा राहतो तेव्हा कळतं," मावशी म्हणाली. "तोवर माझा जीव कुठे असतो, तुला काय सांगू! परवा वारा जरा वाढला. मी बसलेय कान लावून. एकेक इंजिन आलं, एकेक बाई घरी गेली. मी आपली बसलेय. आणि हा मागल्या दारी पाय धूत होता!"

"मग त्यांना सांगा ना, सरळ."

"खुळी की काय? डोळ्यांचं कळलं तर होडी विकेल आणि माझ्यापुढे खुर्ची टाकून बसेल. होडीशिवाय तो किती दिवस काढील? आणि दिवसभर घरात बसलेला नवरा मी किती दिवस काढीन?" मग पुढे वाकून म्हणाली, "तू आपली ती कप्पी बिघडव. गपचूप. काहीतरी घालायला दे त्यात. तुला सगळं येतं म्हणतो तो."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी नाही म्हटलं. दुकानातून माझ्या हाताने गेलेली वस्तू मुद्दाम बिघडवायची, हे मला जमणारं नव्हतं. आणि दुसरं त्याहून जमणारं नव्हतं. नाखवा समोर उभे राहून "कशी गुपचूप चालते!" म्हणणार आणि मी हसून मान डोलावणार, ते. मला वस्तू विकता येते, गोष्ट लपवता येत नाही. पुढच्या खेपेला ते आले आणि मी सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचंही.

त्यांच्या हातात एक पितळी बोल्ट होता. तो त्यांनी जिभेला लावायला उचलला होता, तसाच परत खणात ठेवला. तोही बरोबर खणात. त्यांनी पहिल्यांदाच वस्तू जागेवर ठेवलेली मी पाहिली.

त्यांनी खण आत ढकलला. मग म्हणाले, "परवा भातात मीठ दोनदा घातलं होतं तिने. मी म्हटलं, म्हातारी झालीस. तर हसली." आणखी थोड्या वेळाने, "तिला कळता कामा नये की मला कळलंय. लाजेल. आधी आवाजाचं बघू, मग डोळ्यांचं." आणि मग अगदी नेहमीसारखं, काउंटरवर दोन बोटं आपटून, "आवाज करणारी कप्पी आहे? एकच दे."

हार्डवेअरच्या इतिहासात अशी मागणी कोणी केली नसेल. मी म्हटलं, "जुनी लावा ना परत."

त्यांनी कपाळावर हात मारला. रीतीप्रमाणे जुनी कप्पी त्यांनी उतरवल्या दिवशीच मुशीच्या तेलात बुडवली होती. नुसती एकदा नव्हे, रोज पाजली होती, मान म्हणून. तरी त्यांनी ती परत चढवून बघितली. बायकोला सांगितलं, "ती डहाणूची पोरगी फसवते. नवी कप्पी एकदम भिकार." आणि जुनी कप्पी चढवली तर ती लोण्यासारखी फिरली. सगळ्या आयुष्यात कधी फिरली नव्हती इतकी गोड.

झालं. माझं नाव मात्र सगळ्या नरपडमध्ये खराब. पुढचा महिनाभर त्या बाजूचं गिऱ्हाईक आलं की दात काढायचं, "कप्पीसारखं नाय ना हे?" मी ऐकून घेतलं. दुसरं करते काय?

मग सुरू झालं आमचं उलटं काम. चांगली वस्तू बिघडवायला किती अक्कल लागते, ते तुम्ही करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. मी सांगितलं, पिन काढून रॉकेलने धुवा, तेल सुटेल. धुतली. लाकडाने मात्र तेल आत ठेवलं होतं, दोन फेऱ्यांत परत सुळसुळीत. मी दोन बाजूंना लोखंडी वॉशर दिले. त्यांनी ते जिभेला लावून म्हटलं, "वा, एकदम हलकं लोखंड! लवकर गंजेल." दुकानात वॉशर घेऊन कोणी असा खूश झालेला शेठनी पाहिला नव्हता. वॉशर लावल्यावर कप्पी एकदा "कुक" म्हणाली आणि गप्प बसली. नाखव्यांनी मला येऊन सांगितलं, "कोंबडीच्या पिल्लासारखी. घरापर्यंत नाय पोचणार." शेवटी ठरलं की रॉकेलने परत धुवायची आणि रोज येता-जाता तिच्यावर खारं पाणी मारायचं. गंज आपला वेळ घेऊन येईल. घाई करून येत नाही.

तोवर नाखवा किनाऱ्याला लागले की खोकायचे. खोटं खोटं, मोठ्याने. मावशीला वाटलं याला दमा झाला. तिने अडुळशाचा काढा सुरू केला, आणि हे बिचारे तो कडू काढा रोज प्यायचे.

एका रविवारी दुकान बंद होतं. मी शेअर रिक्षाने नरपडला गेले, पिशवीत आणखी जाडे वॉशर घेऊन. कप्पी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. पोचले तर होडी आली नव्हती. मावशी अंगणात बसली होती, समोर सुरूची झाडं, त्यांच्यापलीकडे समुद्र. पुढ्यात बोंबलांचा ढीग होता, पण हात चालत नव्हते.

"कोण? कप्पीवाली?" तिने पावलांवरून ओळखलं. "बस. यायचाय अजून."

दुपारचा वारा उठलाच नव्हता. पान हलत नव्हतं. शिडाच्या होडीला वादळ जेवढं वाईट तेवढाच हा पडलेला वारा वाईट, हे मला त्या दिवशी कळलं. मोबाईल विचारला तर तो घरात खुंटीला, प्लास्टिकच्या पिशवीत. "होडीत नेला तर भिजेल म्हणतो," मावशी म्हणाली.

इंजिनं यायला लागली. मावशी मला नावं सांगत होती. हे अमक्याचं, ते तमकीच्या दिराचं. प्रत्येक आवाजासरशी शेजारच्या एका घरात हालचाल व्हायची, बादली वाजायची, कोणीतरी हसायचं. मग आवाज संपले. ऊन उतरून झाडांच्या सावल्या अंगणभर झाल्या. शेजारच्या पुतण्याने येऊन सांगितलं, "काकी, थोडं बघतो, नायतर मी इंजिन काढतो." तिने नुसती मान हलवली. तिने माझा हात धरला होता. बोंबलाचं मीठ लागलेला खरखरीत हात. मी किनाऱ्यावर जाऊन बघून येते म्हटलं, तर तिने हात सोडला नाही.

आणि मग झाडांच्या पलीकडून आलं.

"किर्रर्र... कुईईई... किर्रर्र..."

एवढा कर्कश आवाज की सुरूवरचे बगळे उडाले. मावशीने माझा हात सोडला, पदराने तोंड पुसलं आणि छाती भरून ओरडली, "आली बया बोंबलत!" शेजारच्या तिन्ही घरांतून हसण्याचा आवाज आला. पुतण्या इंजिनाची किल्ली खिशात टाकून घरी गेला.

नाखवा वर आले ते घामाने निथळत. वारा नाही म्हणून वल्हं मारत आले होते, आणि किनारा जवळ आल्यावर, वारा नसतानाही, शीड उगाचच अर्धं वर चढवून खाली उतरवलं होतं. त्यांचा चेहरा असा फुलला होता जणू जाळ्यात महागडा घोळ मासा सापडलाय. अंगणात पाय टाकल्या टाकल्या त्यांनी विचारलं,

"वाजली ना गो?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

मावशी सावकाश म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं." आणि माझ्याकडे तोंड करून, "पोरी, मी नको म्हटलं होतं."

"हो मावशी. मी सांगितलं."

"डोळ्यांचंही?"

"डोळ्यांचंही," नाखवाच म्हणाले.

मला वाटलं आता रडारड होणार. मी पिशवी उचलून निघायच्या बेतात. पण मावशीने फक्त एवढंच विचारलं, "होडी विकशील?"

नाखवा पायरीवर बसले. "कोण घेणार?" म्हणाले. "नुसती किरकिरते."

त्यावर ती आधी हसली आणि मग रडली, की आधी रडली, ते आता मला आठवत नाही. चहा मात्र तिनेच केला. साखर दोनदा पडली होती. आम्ही तिघांनी तो निमूट प्यायला.

ऑपरेशनला ती सहज तयार झाली नाही. होडी विकणार नाही, असं नाखव्यांकडून देवासमोर म्हणवून घेतलं, तेव्हा हो म्हणाली. सरकारी दवाखान्यात आधी एक डोळा झाला, मग दुसरा. पट्टी निघाल्यावर घरी आली त्या दिवसाचं वर्णन नाखव्यांनी मला दुकानात उभं राहून करून दाखवलं. ती किनाऱ्यावर गेली. होडी बघितली. शीड बघितलं. त्या शिडाला खताच्या पोत्यांची ठिगळं, एका कोपऱ्यात कुठल्यातरी उमेदवाराच्या बॅनरचा अर्धा चेहरा, आणि मधोमध निळ्या फुलांची एक चादर.

"ही माझी चादर!" ती ओरडली. ती चादर दोरीवरून चोरीला गेली म्हणून तिने शेजारणीशी वर्षभर अबोला धरला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? शेजारणीला पापलेट नेऊन दिलं. आणि मला शीड बदलायला लावलंय. एवढं भिकारडं शीड लावून फिरत होतास, म्हणे, आणि मला कोणी सांगितलं नाही!" मग काउंटरवर वाकून, हलक्या आवाजात, "तिला दिसायला लागल्यापासून माझं काही खरं नाही गो. घरातला आकडा हलला तरी कळतो. आढ्याखालची मोजणी झालीय."

कप्पीचं त्यांनी पुढे काय केलं, मी विचारलं नाही. नरपडच्या गिऱ्हाइकांना मात्र त्यांनी स्वतः सांगितलं असावं, कारण माझी थट्टा थांबली. एक जण तर म्हणाला, "नाखवा सांगतात, तुमच्या दुकानात वाईट माल पण चांगला मिळतो." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

२०१९ साली मला तलासरीला नोकरी लागली आणि मी दुकान सोडलं. निघायच्या आधी सांगायला नरपडला गेले. नाखवा समुद्रावर गेले होते. मावशी अंगणात तांदूळ निवडत होती. मला लांबूनच बघून म्हणाली, "ये. बारीक झालीस." आत नेऊन आढं दाखवलं, निम्मं रिकामं झालं होतं. मग आम्ही परत अंगणात आलो. तिने कपाळावर हात धरला आणि झाडांच्या फटीतून पाण्याकडे बघितलं.

"तो बघ," ती म्हणाली. "मोठ्या बोटीच्या उजवीकडे. पांढरं. दिसलं?"

मला आधी दिसलं नाही. मग दिसलं. नखाएवढं.

"शीड वाकडं बांधलंय. यायला उशीर आहे त्याला. तू थांबतेस?"

मला थांबता येण्यासारखं नव्हतं, तलासरीची गाडी चुकली असती. मी म्हटलं, सांगा त्यांना. सांगते म्हणाली. पाट उचलून तिने फिरवला, उन्हाकडे पाठ करून बसली, म्हणजे समुद्राकडेही, आणि सूप मांडीवर घेऊन खडे वेचायला लागली.

सुरूच्या झाडांपर्यंत मी दोनदा मागे वळून त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघितलं. ती एकदाही वळली नाही.